थंड चहाच्या कृतीत बर्फाचे वजनही छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

उन्हाळा जवळ आला की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत थंडगार गोड चहाच्या कृती येऊ लागतात. त्यांत पत्ती, साखर, लिंबू सगळ्याचे माप असते आणि शेवटी ‘वरून बर्फ घालून द्यावा’ एवढेच लिहिलेले असते. बर्फ किती आणि तो घालताना चहा किती गरम, हे कुणीच सांगत नाही. कृतीबरहुकूम केलेला चहाही पाणचट होतो, तो यामुळेच.

हिशेब सोपा आहे. नुकताच गाळलेला, साधारण ८० अंश सेल्सिअसचा अर्धा लिटर चहा ५ अंशांवर आणायला सुमारे ४४० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे जवळजवळ चहाइतकेच पाणी त्यात मिसळले. तोच चहा आधी २५ अंशांपर्यंत निवू दिला तर १२० ग्रॅम बर्फ पुरतो. फ्रिजमध्ये गार केलेल्या चहात तर बर्फ फार थोडा वितळतो. तेव्हा गरम चहा थेट बर्फावर ओतायचा असेल, तर तो दुप्पट कडक हवा. निववून घ्यायचा असेल, तर तेवढा कडक करू नये.

निववलेल्या चहाचे, एक लिटरसाठीचे माप असे: पानांचा चहा १२ ग्रॅम (किंवा २ ग्रॅमच्या ६ पिशव्या), साखर ७० ग्रॅम, उकळते पाणी अर्धा लिटर, साधे पिण्याचे पाणी अर्धा लिटर. चमच्यापेक्षा वजनकाट्यावर भरवसा ठेवावा, कारण चमचाभर मोठ्या पानांचे आणि चमचाभर बारीक पुडीचे वजन फार वेगळे भरते. पाण्याला खळखळून उकळी आली की गॅस बंद करावा, मग पत्ती घालून ५ मिनिटे झाकून ठेवावे. दाणेदार चहा पटकन उतरतो. त्याला १० ग्रॅम आणि ३ मिनिटे पुरे. पत्ती पाण्याबरोबर उकळू नये. दुधाच्या चहात ते खपून जाते, कारण दुधातली प्रथिने तुरटपणा बांधून ठेवतात. कोऱ्या चहात तो सगळा जिभेवर येतो. याच कारणासाठी पिशव्या पिळू नयेत. चहा कडक हवा असेल तर पत्ती वाढवावी, वेळ नव्हे.

गाळल्याबरोबर, चहा गरम असतानाच साखर घालून ढवळावी. थंड चहात साखर मावत नाही असे नाही. लिटरभर गार पाण्यात किलोभर साखरही विरघळते, पण इतक्या सावकाश की पेला संपतो आणि साखर तळाशी राहते. गारव्याने गोडी कमी जाणवते, म्हणून गरम असताना चहा किंचित जास्त गोड लागला पाहिजे. घरात प्रत्येकाची गोडी वेगळी असेल तर चहा बिनसाखरेचा ठेवून, समभाग साखर आणि पाणी गरम करून केलेला पाक शेजारी ठेवावा. हे जास्त बरे, कारण वरच्या मापाने २५० मिलिलिटरच्या पेल्यात १७ ग्रॅमहून अधिक साखर जाते, आणि ती किती घ्यायची हे पिणाऱ्याला ठरवता यावे.

साखर विरघळली की साधे पाणी घालून चहा ओट्यावर निवू द्यावा आणि निवल्यावर लगेच फ्रिजमध्ये ठेवावा. इथे घाई केली की चहा गढूळ होतो. चहातले कॅफिन आणि तुरट घटक गार होताना एकमेकांना धरतात आणि त्यांचे बारीक कण तरंगू लागतात. चहा जितका कडक, पाणी जितके जड (म्हणजे क्षारांचे) आणि गार करणे जितके झटपट, तितका हा गढूळपणा जास्त. पेय त्याने बिघडत नाही, चवीलाही फारसे बाधत नाही. थोडे उकळते पाणी घातले की बरेचसे निवळते. काहीजण चिमूटभर खाण्याचा सोडा घालतात. त्याने तुरटपणा मऊ होतो आणि रंग गडद होतो, पण दोन लिटरला एका चिमटीपेक्षा जास्त झाला तर साबणासारखी चव येते.

लिंबू पेल्यातच पिळावे. गरम चहात त्याचा वास उडून जातो. लिंबाने रंग फिका पडतो तो आंबटपणामुळे, चहा पातळ झाला म्हणून नाही.

एका पद्धतीबद्दल मात्र कळकळीने लिहावेसे वाटते. काचेच्या बरणीत पाणी आणि पत्ती घालून ती दिवसभर उन्हात ठेवण्याची कृती अधूनमधून छापली जाते. ती कृपया छापू नये. उन्हात बरणीतले पाणी फार तर ५५ अंशांच्या आसपास जाते. एवढ्या उष्णतेने पानांवरचे जिवाणू मरत नाहीत, उलट कोमट पाण्यात तासन्‌तास वाढतात. न उकळता चहा करायचाच असेल तर तेवढीच पत्ती लिटरभर गार पाण्यात घालून ८ ते १२ तास फ्रिजमध्येच ठेवावी. तो चहा कमी तुरट आणि बहुधा नितळ होतो. साखरेऐवजी त्यात पाक घालावा.

कोणत्याही पद्धतीने केलेला चहा फ्रिजमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, पुदिना घातला असेल तर एकच दिवस. तोटीची बरणी असेल तर दर वेळी तोटी सुटी करून गरम पाण्याने घासावी, कारण मळ तिथेच साचतो. चहा ओतताना पाकासारखी तार दिसली किंवा पेय बुळबुळीत वाटले, तर चव न घेता सगळाच ओतून द्यावा.

कळावे,
आपला एक वाचक