तारेने बांधलेली जाळी

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत जगभरच्या रिसॉर्टमधल्या तलावांवर लेख होता. सिंगापूरच्या मरीना बे सँड्सचा ५७व्या मजल्यावरचा तलाव, चिलीतला समुद्राचं पाणी गाळून भरलेला किलोमीटरभर लांब तलाव. चित्रं बघूनच गार वाटलं. त्यावर मंगळवारी एका वाचकांनी लिहिलं की, ज्या इंदुरात नर्मदा सत्तर किलोमीटरवरून आणावी लागते, तिथे ‘लेझी रिव्हर’, म्हणजे रिसॉर्टमध्ये ट्यूबवर पडून वाहत फिरायची बांधीव नदी, ही पाण्याची निव्वळ नासाडी. नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये शहरात आलं, त्यानंतर तीनच वर्षांनी मी ते पाणी उचलणाऱ्या, नर्मदाकाठच्या जलूदच्या पंपांवर रुजू झालो आणि तिथेच निवृत्त झालो. ते पाणी पाचशे मीटरांहून जास्त उंच, विंध्य ओलांडून चढवायला काय लागतं हे मला कोणी सांगायला नको. पण नासाडीचा आरोप मला पटत नाही. माझी तक्रार वेगळीच आहे.

मे महिन्यात पुण्याहून मुलगी-जावई आले आणि नातवाच्या हट्टापायी आम्ही सगळे शहरापासून तासाभरावरच्या एका रिसॉर्टमध्ये गेलो. दारातच सौ.ला अडवलं. सुती सलवार चालणार नाही, नायलॉनचा ड्रेस भाड्याने घ्या. ती चिडली. मी समजावलं की सुताचे तंतू सुटतात आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतात, पोरगा नियमानेच बोलतोय. शंभर रुपये भाडं, दोनशे डिपॉझिट. गुडघ्याखाली येणारा मरून रंगाचा झगा घालून ती बाहेर आली तेव्हा नातू सोडून कोणी हसायची हिंमत केली नाही.

आता हिशेब. सवयीने मी काठावरून तिथली लेझी रिव्हर पावलांनी मोजली. दोनशे पावलं, म्हणजे दीडशे मीटर. रुंदी दहा फूट, पाणी कमरेपर्यंत. सगळं मिळून चार लाख लिटर. आकडा मोठा वाटतो, पण एकदा भरलं की तेच पाणी फिरत राहतं. मेच्या उन्हात दिवसाला एक सेंटीमीटर वाफ होते असं धरा, तरी साडेचार हजार लिटर. एक छोटा टँकर. फिल्टरच्या बॅकवॉशला, म्हणजे उलटं पाणी सोडून तो धुवायला, जाईल ते वेगळं. दिवसाला चार-पाचशे माणसं त्यात डुंबणार असतील, तर माणशी दहाबारा लिटरही पडत नाही. आमच्या गल्लीत रोज सकाळी पाइप लावून गाडी धुणारे आहेत, पत्र लिहायचंच तर त्यांच्यावर लिहावं. (रेन डान्सबद्दल मात्र मी काही बोलणार नाही. तो कर्कश गाण्यांसकट बंद झाला तरी चालेल.)

आणि खरं सांगतो, मजा आली. ट्यूबवर पडलं की पाणीच नेतं. एक फेरी चार मिनिटांची, म्हणजे रमतगमत चालणाऱ्या माणसाहूनही हळू. सौ. पहिल्या फेरीत ट्यूबचे दोन्ही कान घट्ट धरून होती. दुसऱ्या फेरीत तिने हात सोडले आणि डोळे मिटून घेतले. तिला इतकं गप्प मी फार वर्षांनी पाहिलं.

अमेरिकेत टेक्ससमधल्या न्यू ब्राउनफेल्स गावी झऱ्यांच्या पाण्याची एक नदी आहे, उणीपुरी चार किलोमीटर लांब. नावही काय, तर कोमल. लोक तिच्यात ट्यूब टाकून आयते वाहत जातात, पंप नको की वीज नको. आपल्याकडच्या बांधलेल्या नदीला पंप लागतो. तो एका तोंडातून पाणी ओढतो आणि भिंतीतल्या नळ्यांतून पुढे ढकलतो. ओढणाऱ्या तोंडावर जाळी असते. जलूदला पुराच्या दिवसांत इनटेकच्या जाळीला चिकटलेलं झाडाचं खोड चार माणसांनी ओढूनही निघायचं नाही. पंपाला खोड काय, पोराचा पाय काय आणि मुलीची वेणी काय, सगळं सारखंच.

तिसऱ्या फेरीत छोट्या पुलाखाली माझ्या पायाला ओढ लागली. ट्यूब सोडून खाली हात घातला. जाळीच्या चारपैकी एका कोपऱ्याचा स्क्रू गायब, तिथे बाइंडिंगची तार पिळून बांधलेली. तारेचं टोक बोटाला लागलं. तिथून हातभर अंतरावर माझा नातू बुडी मारायचा सराव करत होता.

२००२ साली अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची सात वर्षांची नात गरम पाण्याच्या टबात अशाच तोंडाकडे ओढली गेली आणि दगावली. २००७ मध्ये तिथे तिच्या नावाने कायदा झाला. सार्वजनिक तलावांत पाणी ओढणाऱ्या तोंडावर माणूस अडकणार नाही अशी जाळी सक्तीची झाली, आणि तोंड एकच असेल तर ओढ आपोआप तुटण्यासारखी जास्तीची सोय. आमच्याकडे तार.

मी मॅनेजरला गाठलं. तरुण मुलगा, बोलायला गोड. जाळीचं त्याने लिहून घेतलं. मग मी विचारलं, पाण्याला इतका उग्र वास का? तर म्हणतो, ‘अंकल, क्लोरीन की स्मेल है, मतलब पानी एकदम साफ.’ साहेब, हे उलटं आहे. नीट सांभाळलेल्या तलावाला वास जवळजवळ येतच नाही. क्लोरीन घामाशी आणि लघवीशी मिसळलं की डोळे झोंबवणारा तो वास सुटतो. क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातलं क्लोरीन मोजायचा छोटा संच, मागितला तर तो कशाशी खातात हे तिथे कोणाला ठाऊक नव्हतं. पिण्याच्या पाण्याला ०.२ पीपीएम (लिटरमागे ०.२ मिलिग्रॅम) क्लोरीन राहिलं की नाही, हे आम्ही नळीत थेंब टाकून पिवळा रंग जुळवून बघायचो. तलावाला १ ते ३ लागतं, आणि पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी की अल्कधर्मी याचा आकडा, ७.२ ते ७.८. दोन मिनिटांचं काम आहे.

माझं मागणं एवढंच की, परवाना देणाऱ्यांनी तिकीट खिडकीवर त्या दिवसाचे क्लोरीन आणि पीएचचे आकडे वेळेसकट लिहायला लावावेत. जाळ्या रोज सकाळी पाण्यात उतरून हाताने तपासाव्यात. आणि पंप बंद करायचं लाल बटण लाइफगार्डच्या हाताशी असावं. तिथे ते पंपघरात होतं, पंपघराला कुलूप होतं आणि किल्ली मॅनेजरच्या खिशात.

सौ. पुन्हा कधी जायचं म्हणून विचारतेय. मी परवा फोन केला होता. जाळीचा नवा स्क्रू अजून आलेला नाही.

— एक निवृत्त पंपचालक, राजेंद्रनगर, इंदूर