ड्राय आइस सहीसाठी थांबत नाही

मा. केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान मंत्री यांस,
सादर नमस्कार.

गेली एकोणीस वर्षं मी एका महाविद्यालयात जैवतंत्रज्ञान शिकवतोय. हे पत्र जास्त पैसे मागायला नाही. (तेही हवेच आहेत. 2020-21 साली संशोधनावरचा आपला खर्च जीडीपीच्या 0.64 टक्के होता, हे आपल्याला माहीत आहेच.) मंजूर झालेले पैसे आणि मागवलेला माल पोचतो कधी, एवढंच बोलायचंय.

थर्मोकोलचं एक खोकं. आत उणे 78 अंशांचा ड्राय आइस आणि त्यात करंगळीएवढ्या चार नळ्या, एन्झाइमच्या, म्हणजे थंडाव्याबाहेर नासणाऱ्या प्रथिनाच्या. परदेशातून निघालेलं हे खोकं विमानतळावर वेळेत उतरलं आणि एका सहीपायी नऊ दिवस गोदामात पडून राहिलं. ड्राय आइस वितळतसुद्धा नाही, नुसता हवेत उडून जातो. खोकं हातात घेतलं तेव्हाच त्याच्या वजनावरून कळलं. तरी माझ्या विद्यार्थिनीनं ते एन्झाइम वापरून पाहिलं. डीएनएचे तुकडे दाखवणारं जेल यूव्हीखाली धरलं तर मोजपट्टीसाठी घातलेल्या मार्करची शिडी लख्ख, बाकी सगळ्या लेन कोऱ्या, म्हणजे एन्झाइम नासलेलं. तिनं फोटो काढून वहीत चिकटवला, खाली तारीख घातली आणि काही न बोलता मांडीवरचे ग्लोव्हज उचलून निघून गेली.

मग परत तीन कोटेशनं, परत ऑर्डर, तोवर मार्च. अनुदानाचा हप्ता येतो डिसेंबर-जानेवारीत, हिशेब द्यायचा 31 मार्चला, उरलं ते परत. परदेशी मालाला दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे माणूस लागतं ते घेत नाही, मिळतं ते घेतो. आमचं कपाट पिपेटच्या टिप्सनी गच्च आहे, पुढची पाच वर्षं पुरतील.

सरकारला घाई जमत नाही असंही नाही. जुलै 2024 च्या अर्थसंकल्पात प्रयोगशाळेच्या रसायनांवरचं सीमाशुल्क 10 वरून 150 टक्के झालं, ओरड झाली आणि थोड्याच दिवसांत संशोधनासाठी ते पूर्ववत झालं. जून 2025 मध्ये कोटेशनविना खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख केलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पण आमच्यासारख्या संलग्न महाविद्यालयात हे वारं अजून पोचायचंय.

फेलोशिपचं तर काय सांगावं. 2023 पासून जेआरएफ, म्हणजे संशोधक विद्यार्थ्यांची सुरुवातीची फेलोशिप, महिन्याला 37,000 रुपये झाली. माझ्या याच विद्यार्थिनीच्या खात्यात पहिले सात महिने काहीच आलं नाही, मग एकदम सगळं. मधल्या काळात ती संध्याकाळी शिकवण्या घेत होती. प्रयोगातल्या पेशी ज्यात वाढतात ते माध्यम दर दोन-तीन दिवसांनी बदलावंच लागतं, रविवार असला तरी. ते तिनं एकदाही चुकवलं नाही. घरभाडं मात्र दोनदा चुकलं.

रोटाव्हॅक या बाळांच्या अतिसारावरच्या भारतीय लशीचा दाखला आपण भाषणांत देता, तो योग्यच आहे. त्यातला विषाणू दिल्लीच्या एम्समध्ये नवजात बाळांत सापडला तो 1980 च्या दशकाच्या मध्यात, लशीला परवाना मिळाला 2014 साली आणि सरकारी लसीकरणात ती आली 2016 साली. तीस वर्षं त्या कामाला कुणी ना कुणी पैसा पुरवत राहिलं. आज त्यात सात महिन्यांचा खड्डा पडला, तर तो विषाणू फ्रीजरमध्येच राहील आणि तो सांभाळणारी मुलगी दुसऱ्या देशात.

जैवतंत्रज्ञानातून उत्पादन वाढवायच्या 2024 च्या बायोई3 धोरणात बायोफाउंड्री, म्हणजे सूक्ष्मजीव आणि पेशी हव्या तशा घडवणाऱ्या यंत्रचलित प्रयोगशाळा, उभारायचं ठरलंय. उभारा. पण तिथे उद्या कामाला येणारी मुलं आज आमच्या वर्गात पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढायची पद्धत, फळ्यावर शिकतात. चाळीस जणांत यंत्र एक, आणि त्यात घालायला एन्झाइम नाही.

तेव्हा तीनच गोष्टी करा. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला द्या, मग ती पाच हजारांनी कमी असली तरी चालेल. शिल्लक रक्कम 31 मार्चला परत न मागता पुढच्या वर्षी वापरू द्या. आणि विमानतळावर नाशवंत जैविक मालाची कागदपत्रं माल उतरायच्या आधीच तपासून ठेवा.

त्या एन्झाइमची दुसरी ऑर्डर गेल्या आठवड्यात गेली. खोकं कुठल्या विमानानं येणार ते कळलं की आपल्या कार्यालयाला कळवू का?

आपला,
जैवतंत्रज्ञानाचा एक प्राध्यापक