शनिवारी मुलं तुमच्याकडे का नाहीत

प्रिय आई-बाबा,

फोनवर धड बोलता येत नाही, धाकटी फोन ओढते, म्हणून लिहायला बसले. शनिवारी पार्टीला आम्ही दोघं जायचं ठरवलं आहे. मुलं मात्र त्या रात्री इथेच, पाळणाघरातल्या ताईंबरोबर राहतील. आई, "आम्ही काय परके झालो का?" म्हणून लगेच चिडू नकोस. आधी सगळं वाच.

तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन अजून महिनाही झालेला नाही. वजन उचलायचं नाही, खाली वाकायचं नाही, डोळ्याला धक्का लागू द्यायचा नाही, हे डॉक्टरांनी तुझ्यासमोरच सांगितलं. धाकटी आता ११ किलोची आहे. रात्री ती रडत उठली तर तू तिला उचलल्याशिवाय राहशील? कडेवर गेली की तिचा पहिला हात चष्म्यावर जातो, आणि तो ओढताना बोटं कुठे लागतील याचा नेम नाही. बाबा, तुम्ही म्हणाल मी आहे ना. पण तुमची झोप एकदा मोडली की मोडलीच, आणि दुसऱ्या दिवशी बीपी वर. शिवाय गोळ्यांचा डबा तुमच्या उशाशी असतो आणि ती आता झाकणं उघडायला शिकली आहे. बीपीची एखादी गोळीसुद्धा एवढ्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. तुमचं लक्ष नसतं असं मला अजिबात म्हणायचं नाही. तुमच्याइतकं लक्ष कोणाचंच नसतं.

ताईंची काळजी करू नका. धाकटी रोज दुपारी त्यांच्याच मांडीवर झोपते. आम्ही निघताना ती रडेल, हे धरूनच चाललोय. दीड वर्षाच्या आसपास हे फार असतं, तीनेक वर्षांची होईपर्यंत ओसरतं. पण गुपचूप सटकायचं नाही. पापा घेऊन, "येतो हं" म्हणून निघायचं. लपून गेलं की मूल पुढच्या वेळी आधीपासूनच चिकटून बसतं. मोठ्याला सांगून ठेवलंय, तू झोपेत असशील तेव्हा आम्ही येऊ.

पार्टी म्हणजे कॉलेजच्या मैत्रिणीचा चाळिसावा वाढदिवस, एवढंच. पण धाकटी झाल्यापासून आम्ही दोघंच असे कुठे गेलोच नाही. आमचं बोलणं म्हणजे डायपर संपलेत का, ताप उतरला का, उद्या लवकर कोण येणार. त्याच्याशी एखादं वाक्य शेवटपर्यंत बोलावं, गाणं लागलं की नाचावं, असं फार वाटतंय गं आई.

तुम्ही दोघं असे नटून बाहेर गेलेले मला एकदाच आठवतात. आत्या माझ्याजवळ होती. निघताना तू माझ्या गालाला गाल लावलास, तुझी पावडर माझ्या गालाला लागली, आणि रात्री आत्याला मी तो गाल पुसू दिला नाही. त्या रात्री जे झालं ते झालं, त्यात कोणाचाच दोष नव्हता. पण नंतर तुम्ही पुन्हा कधी गेला नाहीत, याची मला हळहळ वाटते. तुझा डोळा बरा झाला की तुम्हीही दोघं जा. बाबा, नाही म्हणायचं नाही.

रविवारी सकाळी मुलांना घेऊन येतेच. आई, तू खुर्चीत बस, मी धाकटीला तुझ्या मांडीवर देईन, हवा तितका वेळ ठेव. तोवर थेंब वेळच्या वेळी घाल, आधी हात धू, दोन बाटल्यांच्या मध्ये पाच मिनिटं जाऊ दे. झोपताना डोळ्यावरचं कवच लावायचंच. बाबा, घड्याळ तुम्ही बघा, ती "घातले" म्हणाली तरी विश्वास ठेवू नका! आणि रात्री अकराला ताईंना फोन करायचा नाही. काही वाटलं तर मला करा, माझ्या फोनचा आवाज चालू असेल.

शनिवारी सात वाजता मोठा तुम्हाला व्हिडिओ कॉल करणार आहे. तेव्हा आई, चष्मा लावून बस.

तुमची,
छकुली