अर्ध्या सुराबद्दल आभार

प्रिय ताई,

माझ्या तुटलेल्या जुन्या कॅसेटमधल्या गाण्याच्या तुम्ही पाठवलेल्या दोन्ही फाइल काल रात्री ऐकल्या. फोन लावला होता, पण गळा दाटून आला आणि ठेवून दिला. म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितेय, कारण अशा कामाचे आभार चारचौघांत मानावेत असं मला वाटतं.

कॅसेट तुमच्या हाती दिली तेव्हा बरेच जण म्हणाले होते, ‘कशाला खटाटोप? ते गाणं आता ऑनलाइन मिळतं की, एकदम स्वच्छ.’ मिळतं. पण ते त्या गायकांनी नाव झाल्यावर पुन्हा गायलेलं. आवाज पिकलेला, प्रत्येक जागा घोटलेली. माझं गाणं ते नव्हे. माझ्या गाण्यात अंतऱ्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो, आणि दुसऱ्या ओळीला ते समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, किंचित आधीच पोचतात, धावत आल्यासारखे. बाबा गेले त्या वर्षी रोज रात्री मी तेवढं एकच गाणं लावून झोपायचे.

हेच गाणं का, असं तुम्ही विचारलं नाहीत. विचारलंत ते एवढंच, ‘कुठल्या ओळीला तुटते?’

मग पाच स्क्रू काढून तुम्ही कॅसेट उघडलीत. टेप ३.८१ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम १८ मायक्रॉन जाडीची, आणि तुटल्या जागी मी शाळेत असताना चिकटवलेला सेलोटेप. त्याचा डिंक शेजारच्या वेढ्यांनाही लागला होता. तुम्ही तो वेढ्यावेढ्याने सोडवलात, टोकं तिरकी कापून जोडलीत. फक्त एका अक्षराची कड गेली.

पहिल्यांदा ऐकवलंत तेव्हा मी म्हटलं, ‘हे चढं वाटतंय.’ तुम्ही वाद घातला नाहीत. मला गुणगुणायला सांगितलंत आणि पेटीवर सूर शोधलात. मी गात होते पांढरी एकमध्ये, टेपवरचं गाणं होतं त्याहून अर्धा सूर वरच्या काळी एकमध्ये. आमचा जुना प्लेअर साधारण ६ टक्के हळू चालत असणार, म्हणालात, तेवढ्याने अर्धा सूर उतरतो. इतकी वर्षं मी ते गाणं अर्धा सूर खाली ऐकत आले होते! बरोबर काय ते सांगून तुम्हाला थांबता आलं असतं. तुम्ही दोन फाइल केल्यात आणि नावं दिलीत, ‘बरोबर’ आणि ‘तुमचं’.

‘बरोबर’मध्ये ते किती कोवळे वाटतात, ताई. ‘तुमचं’ लावलं आणि मला रडू आलं.

आणि ती सुरुवात. गाणं सुरू व्हायच्या दोन-तीन सेकंद आधी तीच ओळ अगदी पुसट, लांबून आल्यासारखी ऐकू येते. लहानपणी मला वाटायचं, ते आधी मनात म्हणून बघताहेत. वर्षानुवर्षं गुंडाळून राहिल्यावर एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर उमटतं, हे तुम्ही समजावलंत, आणि ‘काढू का?’ असं विचारून थांबलात. न विचारता ते पुसलं गेलं असतं तर मला कळलंही नसतं काय हरवलं ते, फक्त गाणं परकं वाटलं असतं.

कॅसेट तुम्ही सांगितलंत तशी उभी ठेवली आहे, स्पीकरपासून लांब.

तुमची ऋणी,
कॅसेटवाली