गोठलेल्या पँगाँगचे फोटो आणि सहलीची सूचनापत्रके

महोदय,

जानेवारी-फेब्रुवारीत लडाखला निघणाऱ्या सहलींच्या सूचनापत्रकांत थर्मल, हातमोजे, क्रीम सगळ्याची यादी असते. गोठलेल्या पँगाँग सरोवरावर फोटो कसे काढावेत आणि पाय कुठे ठेवावा, याबद्दल चकार शब्द नसतो. सहल कंपन्यांनी तो मजकूर घालावा, म्हणून हे पत्र.

फोटो राखाडी आले, ही हमखास तक्रार. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे धरून चालतो, त्यामुळे पांढऱ्या हिमाने चौकट भरली की तो उजेड कमी करतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटोचा उजळपणा हाताने कमी-जास्त करण्याची सोय) +१ ते +१.७ ठेवावे आणि हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आपटत नाही ना, ते पाहावे. वाऱ्याने हिम उडून खालचा गडद, काचेसारखा बर्फ उघडा पडला असेल, तर मात्र ही वाढ काढून टाकावी.

खरे चित्र त्या उघड्या बर्फातल्या भेगांत असते. रुंद दृश्य टिपणारी १६ ते २४ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ/११, तिपाई गुडघ्याच्याही खाली आणि ऊन बाजूने. पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा चकाकी कापणारा फिल्टर) हळूहळू फिरवला की वरची चकाकी विरते आणि रेघेसारखी दिसणारी भेग खोलवर उतरलेल्या पांढऱ्या पडद्यासारखी दिसू लागते. लेन्सचा रोख बर्फाच्या पृष्ठभागाशी साधारण ३७ अंशांच्या कोनात धरल्यास चकाकी सर्वाधिक कापली जाते. लेन्स सरळ खाली रोखली तर फिल्टरचा उपयोग नाही. इतक्या रुंद लेन्सने आकाशही घेतले तर निळ्यात गडद डाग पडतो, म्हणून आकाश वगळलेले बरे.

गारठ्यात बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवावी; थंडीने बंद पडलेलीही ऊब मिळाली की थोडी चालते. गरम खोलीत शिरण्याआधी मेमरी कार्ड काढून घ्यावे, कॅमेरा झिपच्या पिशवीत घट्ट बंद करावा आणि दोन तास उघडू नये. नाहीतर लेन्सच्या आत बाष्प धरते.

आता पायाखालच्या बर्फाविषयी. गोड्या पाण्याचा स्वच्छ, अखंड बर्फ १० सेंटिमीटर असेल तर एका माणसाचा भार पेलतो. पांढरा, हवेचे बुडबुडे असलेला बर्फ त्याच्या निम्म्यानेच मजबूत धरावा. पँगाँगचे पाणी तर खारट, त्यामुळे तिथला बर्फ तेवढ्याच जाडीला आणखी कच्चा. ओढे मिळतात तिथे आणि काठालगतच्या भेगांपाशी जाऊच नये. सगळ्यात धोक्याचा आपला ग्रुप फोटो, कारण वीस जणांचे वजन एकाच जागी येते. तो सहलप्रमुखांनी काठावरच घ्यावा, आणि स्थानिक चालक ‘नको’ म्हणाला तर तिपाईही काठावरच लावावी.

– एक छायाचित्रकार, पुणे