‘पोट साफ होत नाही’ म्हणजे नेमके काय?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या आरोग्य पुरवणीतल्या पचनावरच्या लेखात ‘शौचासंबंधी तक्रारी असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा’ असे वाक्य आहे. मी २७ वर्षे मुद्रितशोधक होतो. ‘बद्धकोष्ठता’तला ‘ष्ठ’ किती वेळा दुरुस्त केला याची गणती नाही. त्या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. पण त्यावरून कोणाला काही कळतही नाही.

माझेच सांगतो. ५९व्या वर्षी मला दिवसातून सहा-सात वेळा घाईची लागू लागली. धावत जावे, कुंथावे, तर पडे चमचाभर आव आणि रक्त. उठलो की पुन्हा वाटे, अजून राहिले आहे. या सगळ्याला मी नाव दिले ‘पोट साफ होत नाही’. साफ होत नाही म्हणजे बद्धकोष्ठ, म्हणून रेचक चूर्ण. रक्त दिसते म्हणजे मूळव्याध, म्हणून मलम. दोन्ही निदाने माझीच. रात्री झोपेतून दोनदा उठावे लागे, ते वयाच्या खात्यावर टाकले. असे १४ महिने काढले.

शेवटी बायको म्हणाली, ‘‘अहो, जिना चढताना धाप लागते तुम्हाला, चेहरा पांढराफटक पडलाय.’’ रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.४. डॉक्टरांनी विचारले, ‘‘काय होतंय?’’ मी म्हणालो, ‘‘पोटाची जरा तक्रार आहे.’’ त्यांनी पुढे एक तक्ता ठेवला. मळाच्या सात प्रकारांची चित्रे. सुट्या कडक खड्यांपासून निव्वळ पाण्यापर्यंत. ब्रिस्टॉलच्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला हा तक्ता आता जगभर वापरतात. मी निमूटपणे सहाव्या, म्हणजे पातळ लगद्याच्या चित्रावर बोट ठेवले. मग एकेक प्रश्न आला. रक्त वरून लागते की मिसळलेले असते? लाल की काळे? आव पडते? झोपमोड होते?

दुर्बिणीने मोठे आतडे तपासले, तुकडा काढून पाहिला. निघाले अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज आणि व्रण. ‘राहिले आहे’ ही भावना सुजलेल्या गुदाशयाची खोटी हाक होती. आत काहीच नसे. आणि त्या सुजेवर मी रेचक ओतत होतो! आता मेसालामाइन या आतड्याची सूज उतरवणाऱ्या औषधाच्या गोळ्या आणि रात्री त्याचाच एनिमा. सुरुवातीला काही आठवडे स्टिरॉइड, मात्रा उतरवत उतरवत बंद. सहा आठवड्यांत रक्त थांबले. आजार मुळासकट जात नाही, म्हणून बरे वाटले तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. आजार सुरू झाल्यापासून आठ वर्षांनंतर ठरावीक काळाने पुन्हा दुर्बीण, कारण या आजारात आतड्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो.

मूळव्याधीचे रक्त बहुधा लालभडक, वरून लागलेले आणि न दुखता येणारे. गुदद्वाराला चीर पडली असेल तर काचेने कापल्यासारखी आग होते. आयबीएसमध्ये (आतड्याला सूज किंवा व्रण नसतानाही त्याचे काम बिघडते, त्या विकारात) पोट दुखते, कधी जुलाब, कधी कडक, पण रक्त जात नाही आणि सहसा झोपेतून उठवत नाही. डांबरासारखा काळा, चिकट, दुर्गंधी मळ म्हणजे रक्तस्राव वर जठरात असण्याची शक्यता. वेदनाशामक गोळ्यांनी झालेला व्रण किंवा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू ही त्याची नेहमीची कारणे. (लोहाच्या गोळ्यांनीही मळ काळा होतो. हे मला आधी कोणी सांगितले नव्हते, एक सकाळ फार घाबरण्यात गेली.) आणि दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढ्या पट्ट्यात कुठेही असाल आणि त्रास नसेल तर ते प्रकृतीला धरूनच आहे. रोज सकाळी ठरल्या वेळी झालेच पाहिजे हा हट्ट चूर्णवाल्यांच्या सोयीचा. ‘पित्त’ हा शब्दही असाच पोटात सगळे घालतो: जळजळ, आंबट ढेकर, मळमळ आणि कधी कधी हृदयविकाराचा झटकासुद्धा.

आता कबुली. नोकरीत असताना एका डॉक्टरांच्या लेखात ‘संडासात रक्त’ असे आले होते. मी ते ‘शौचासंबंधी तक्रारी’ असे करून पान सोडले. लेखकाने नंतर काही विचारले नाही, मलाही त्यात काही वावगे वाटले नाही. तो लेख वाचूनही कोणी माझ्यासारखा मलम लावत बसला असेल का, हा प्रश्न आता पडतो.

म्हणून विनंती आहे. पुरवणीत एक चौकट द्या: संडासात रक्त, कारण नसताना वजन उतरणे, रक्त कमी होणे, झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीच्या आसपास अचानक बदललेली सवय, घरात कोणाला आतड्याचा कर्करोग. यांपैकी काहीही असेल तर चूर्ण नको, तपासणी. ती चौकट चूर्णाच्या जाहिरातीशेजारीच आली तर उत्तम. जाहिरात विभाग नको म्हणेल, ते मी समजू शकतो.

हे पत्र छापलेत तर शब्द आहेत तसे ठेवावेत. ‘कुंथणे’ कोशात आहे, मी पाहून घेतले आहे.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक