पूल, जहाज आणि तूरडाळ

प्लिमथ, मिनेसोटा
4 नोव्हेंबर

ती. आई-बाबांना,
सा. न.

फोटो पाठवले तेव्हापासून बाबांचा एकच प्रश्न, "पोरांच्या अंगात खोके काय घालून राहिली तू?" व्हिडिओ कॉलवर धाकटा मध्ये मध्ये नाचत होता, थोरली त्याच्यावर खेकसत होती, त्यामुळे धड काही सांगता आलं नाही. आणि 'भुताखेतांचा सण' म्हणून आईनं तोंड वाकडं केलेलं मी पाहिलंय हं. म्हणून निवांत बसून लिहितेय. दादाला मोठ्या अक्षरात प्रिंट काढून द्यायला सांगितलंय, म्हणजे बाबांना डोळ्यांवर ताण नको.

तर हॅलोविनला, म्हणजे 31 ऑक्टोबरच्या संध्याकाळी इथली पोरं सोंगं घेऊन घरोघर गोळ्या-चॉकलेटं मागत फिरतात तेव्हा, थोरली पूल झाली होती आणि धाकटा जहाज.

साधासुधा पूल नव्हे. आमच्यापासून अडीच तासांवर डलूथ नावाचं बंदर आहे, सुपीरियर सरोवराच्या काठी. सरोवर म्हटल्यावर आपला नागपूरचा अंबाझरी तलाव डोळ्यांपुढे आणू नका, ह्याचा पलीकडचा काठच दिसत नाही. तिथे बंदराच्या तोंडाशी 1905 साली बांधलेला लोखंडी पूल आहे. बांधला तेव्हा त्यावर रस्ता नव्हताच, वरून टांगलेला एक मोठा पाळणा माणसं आणि गाड्या अलीकडून पलीकडे न्यायचा. 1929-30 मध्ये त्यात बदल केला, आणि आता जहाज आलं की दोन मनोऱ्यांमधला अख्खा रस्ता लिफ्टसारखा सरळ वर जातो, 135 फूट. जहाज भोंगा वाजवतं, पूलही तस्साच भोंगा वाजवून उत्तर देतो. लोहखनिज वाहणारी हजार हजार फुटी जहाजं इतक्या जवळून जातात की आपण हात केला तर डेकवरचा माणूस हात करतो. उन्हाळ्यात पोरांनी हे पाहिलं आणि तेव्हापासून घरात दुसरा खेळ नाही. सोफ्याच्या उश्या वर, गाड्या खाली.

सप्टेंबरात थोरलीनं जाहीर केलं, मी पूल. धाकटा म्हणाला, मी पण पूल. दोन दिवस महाभारत. शेवटी 'तू जहाज झालास तर भोंगा तुझा' यावर तह झाला.

शेजाऱ्यांनी नवा फ्रिज घेतला होता. कचऱ्याची गाडी यायच्या आत मी त्याचा खोका ओढत घरी आणला. बाबा, ह्या पुठ्ठ्याच्या पोटात बारीक नळ्या असतात. त्या उभ्या राहतील असा कापला तर मनोरा ताठ राहतो, आडव्या आल्या की कमरेत वाकतो. आणि वळण द्यायचं तर पुठ्ठा टेबलाच्या धारेवरून दाबून ओढायचा. नळ्या मोडतात आणि तो कागदासारखा गोल वळतो. जहाजाचं नाक असं केलं. लोखंडावरचे रिव्हेट हवेतच, असं पुलाचं म्हणणं. मग तिनं बसून सगळ्या मनोऱ्यांवर गोंदाचे थेंब टाकले आणि वाळल्यावर वरून रुपेरी रंग मारला. चार पावलांवरून अस्सल लोखंड वाटायचं.

खरी गंमत मधल्या भागाची. खऱ्या पुलाचा उचलायचा भाग हजारेक टनांचा आहे, पण मनोऱ्यांत तेवढ्याच वजनाचे काँक्रीटचे ठोकळे दुसऱ्या बाजूनं लोंबत असतात, म्हणून मोटरला फार जोर लागत नाही. थोरलीनं हे तिथल्या पाटीवर वाचलं होतं आणि तिला तसंच पाहिजे होतं. आमचा मधला भाग हलक्या फोमच्या पत्र्याचा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवला, 350 ग्रॅम भरला. मग दोन मोज्यांत 175-175 ग्रॅम तूरडाळ भरून दोन्ही मनोऱ्यांत टांगली. शिलाईच्या रिकाम्या रिळांवरून सुतळी. बोटानं नुसतं ढकललं की पूल वर, सोडला तिथे थांबतो. तुमचे जावई ऑफिसची मीटिंग कानात चालू ठेवून तासभर तेच करत बसले होते. आई, ती डाळ मी नंतर शिजवली. मोजे कोरे होते, ओरडू नकोस.

इथे कुठलंही सोंग थंडीच्या जाकिटावर बसेल असंच शिवावं किंवा चिकटवावं लागतं. माप घेताना पोराला घरात जाकीट घालून उभं करायचं, ते घामानं चिडतं, तरी करायचं. नाहीतर राजकन्या होऊन निघायचं आणि फाटकापाशी वरून जाडजूड कोट चढवायचा, की संपली राजकन्या. 1991 साली तर ह्याच दिवशी बर्फ पडायला लागला तो 28 इंच पडला. आमच्या गल्लीतले जुने लोक दर ऑक्टोबरात ती गोष्ट अशी सांगतात, जणू कालच फावडं खाली ठेवलंय.

दिवाळीच्या माळा कामी आल्या. जहाजाच्या डाव्या अंगाला लाल दिवा, उजव्या अंगाला हिरवा, हा दर्यावर्दी लोकांचा नियम, तो धाकट्यानं आम्हालाच शिकवला. अंधारात गाड्यांना दिसावं म्हणून चकाकणारी पट्टीही लावली. आणि गोळ्या-चॉकलेटं घ्यायला हातात पिशवी नको, जहाजाला माल भरायची जागा असतेच की! डेकवर झाकण केलं, आत उशीचा अभ्रा शिवून टाकला.

ज्या घराचा दारातला दिवा चालू, तिथे जायचं, बंद असेल तर त्रास द्यायचा नाही. दारात पोचलं की आधी जहाज भोंगा वाजवणार (सायकलचा, रबरी फुग्याचा), मग पूल तोंडानं उत्तर देणार, मग सावकाश वर जाणार, खालून जहाज जाणार आणि मग झाकण उघडणार. एवढं सगळं होईपर्यंत मागे दहा-बारा स्पायडरमॅन ताटकळत. एका बाईंनी तर पुन्हा करून दाखव, पुन्हा करून दाखव म्हणून रांग पार फाटकाबाहेर नेली. वळणावर वारा सुटला तेव्हा पूल शिडासारखा फिरायला लागला, मग जावई मागून धरून चालले. आईच्या काळजीचं उत्तर: घरी आल्यावर सगळा माल टेबलावर ओतून, उघडं पाकीट असेल ते टाकून, मगच वाटप. शेंगदाणा असलेलं शेजारच्या मुलाला चालत नाही, ते बाजूला.

आता भुतांचं. हे मूळचं आयर्लंड-स्कॉटलंडकडलं. हिवाळा लागताना मेलेले लोक परत येतात असं ते मानायचे, वेष पालटून हिंडायचे, सलगमाचे कंद कोरून दिवे करायचे. तिथले लोक अमेरिकेत आले आणि इथे त्यांना भोपळा सापडला, कोरायला कितीतरी सोपा. आपणही पितरांना पानं वाढतोच ना गं?

आणि पोरांची मस्ती तर जगभर सारखीच. आमच्यापासून अर्ध्या तासावर अनोका नावाचं गाव आहे, स्वतःला हॅलोविनची जागतिक राजधानी म्हणवतं. तिथे ह्या रात्री टारगट पोरं खिडक्यांना साबण फासायची, लोकांच्या गायी सोडून द्यायची, सकाळी गायी भर बाजारपेठेत. गावकरी कंटाळले आणि 1920 साली त्यांनी ठरवलं की पोरांना मिरवणुकीतच गुंतवू. ती मिरवणूक अजून निघते. आम्ही गेलो होतो. रस्त्याच्या कडेला घोंगड्या टाकून माणसं बसलेली, समोरून घरी रंगवलेली सोंगं चाललेली, आणि मला सारखी आपल्या नागपूरच्या महालातली मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक आठवत होती. बाबा, तुम्ही तिथल्या बडग्याच्या पुतळ्याला कामट्या बांधायचात आणि मी मैद्याची खळ ढवळत बसायचे, कागद फुगला की तुम्ही म्हणायचात, "राहू दे, वाळला की बसते."

तान्ह्या पोळ्याचं तर मी इथल्या मैत्रिणीला सांगितलं, की आमच्याकडे लहान मुलं नटूनथटून लाकडी बैल घेऊन घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात, नागपूरच्या भोसले राजांच्या काळापासून. तिला वाटलं मी थट्टा करतेय.

दुकानातले पोशाख वाईट असतात असं नाही. समोरच्या घरातला मुलगा दुकानातलाच डायनासोर होता, आत पंखा, अंगात हवा भरलेली, आणि त्याला बघून माझ्याच दोघांचे डोळे फाटले. चाळीस-पन्नास डॉलर टाकले की झालं. पण विकतचा डायनासोर एका संध्याकाळचा. आमचा पूल दीड महिना जेवणाच्या टेबलावर होता आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवलो. घरभर पुठ्ठ्याचा भुसा, झाडू मारून कंटाळले. मला हेच आवडतं, तुम्ही काहीही म्हणा. शाळेचं म्हणाल तर तिथे मुखवटे आणि तलवारी-बंदुका चालत नाहीत, पुलाला कोणाची हरकत नव्हती, फक्त तो वर्गाच्या दारातून आत जाईना.

पूल सध्या गॅरेजमध्ये आहे. आकाशकंदील त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत उतरवणार नाही, आई, तू सांगितलं तसंच.

आता बाबा, तुमच्याकडे काम आहे. धाकट्यानं पुढच्या वर्षीचं आत्ताच ठरवलंय, त्याला पोळ्याचा बैल व्हायचंय. पुढचे पाय तो, मागचे पाय थोरलीचे. हे तिला अजून मान्य नाही. तोपर्यंत तुम्ही मामाच्या गावी जाल तेव्हा झुलीचा फोटो बाजूनं काढा, समोरून नको. झूल पोटाखालून बांधतात की गळ्यातून अडकवतात ते मला नीट आठवत नाही. बेगड शिंगांना आधी चिकटवून मग गोंडे, की उलटं? आणि बाशिंग किती उंच असतं ते टेपनं मोजा, जाकिटाच्या टोपीवर बसवायचं आहे.

तुमची,
बेबी